तीनशे बारा पायऱ्यांवरची पोथी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्य राहत असत, आणि त्यांच्याकडे वाचनाचे व्यसन जडलेला एक शिष्य होता. व्यसन हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. वाचणाऱ्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण वाचून पुढे काय झाले, हे विचारण्याची पद्धत नाही. माझ्याच कपाटात अशी कितीतरी पुस्तके आहेत, जी मी वाचली आहेत याची मला पक्की खात्री आहे, आणि त्यांत काय होते याची अजिबात नाही. म्हणून ही गोष्ट मी आधी स्वतःला सांगतो आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

त्या वैद्यांना सारे गाव बुवा म्हणे. वय ऐंशीच्या घरात, दात चार, पण दृष्टी घारीची. शिष्याचे नाव श्रीपत. तो नदीपलीकडच्या डोहखेड नावाच्या गावचा. पावसाळ्यात नदीला पूर आला की होडी बंद पडे आणि डोहखेड चार महिने जगापासून तुटे. गावात वैद्य नव्हता. एका पावसाळ्यात साध्या तापाने तिथली दोन माणसे गेली, तेव्हा गावकऱ्यांनी बसून ठरवले की आपलाच एक हुशार मुलगा शिकायला पाठवायचा. गावात लिहिता-वाचता येणारा श्रीपत एकटाच होता. निवड करायला वेळ लागला नाही.

बुवांकडे औषधांची एक पोथी होती. एकशे चाळीस पाने, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली, लाल कापडात गुंडाळलेली. बुवांच्या गुरूंनी ती स्वतःच्या हाताने उतरवली होती. श्रीपतने ती पाहिली आणि त्याच्या घरात जसे चाले तसेच केले. त्याच्या घरी धर्मग्रंथांची पारायणे होत. स्नान करून, सोवळे नेसून, पाटावर बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचे. संपले की नारळ फोडायचा, गोडाचा नैवेद्य दाखवायचा आणि कपाळाला कुंकवाचे बोट लावून उठायचे. श्रीपतने औषधांच्या पोथीचेही पारायण सुरू केले. दर सांगतेला तो साजूक तुपातला शिरा करी, बुवांना वाढी आणि पोथीच्या फळीवर कुंकवाचे एक बोट ओढी. दोन वर्षांत फळीवर अशी अकरा बोटे उमटली. अकरा पारायणे! तो ती मोजून पाही आणि त्याला आपण वैद्य झालो असे वाटू लागे. बुवा शिरा खात आणि काही बोलत नसत.

होळी झाली आणि डोहखेडहून कोंडाजी नावाडी आला. हाच तिथली होडी चालवी. अंगणात येऊन त्याने बुवांना वाकून नमस्कार केला.

"बुवा, आमचं पोरगं तयार झालं का? मृगाच्या आधी नेतो म्हणतो. एकदा पाणी चढलं की मला होडी घालता येत न्हाई."

"तुम्हीच पाहा ना," बुवा म्हणाले. "काही दुखतंखुपतं आहे का तुम्हाला?"

कोंडाजीने दोन्ही तळहात पुढे केले. वल्हे मारून मारून त्यांवर फोड आले होते आणि त्यांतले दोन फुटले होते.

"श्रीपत, सांग," बुवा म्हणाले.

श्रीपतचा चेहरा उजळला. "आहे, बुवा, आहे! सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. डाव्या अंगाला, वरच्या बाजूला. तिथं तेलाचा एक डाग पडला आहे, त्याच्या अगदी खाली."

"डाग ऱ्हाऊ दे बाबा. फोडाचं सांग," कोंडाजी म्हणाला.

श्रीपतने तोंड उघडले. डाग त्याला लख्ख दिसत होता. अक्षरांचे वळण दिसत होते. शब्द मात्र एकही दिसत नव्हता. तो धावत आत गेला, पोथी आणली, सोडली, सत्तेचाळिसावे पान काढले. डाग होता, पण त्याखाली खोकल्याचे औषध निघाले. मग त्याने पुढची पाने चाळली, मागची चाळली, घामाघूम झाला. तोवर कोंडाजीने तुळशीवृंदावनाशेजारी लावलेल्या कोरफडीचे एक पान मोडून गर हाताला चोळला, फडके गुंडाळले, आणि बुवांच्या सुनेने दिलेले ताक पिऊन मिशा पुसल्या.

"सापडलं!" श्रीपत ओरडला. "कोरफडीचा गर लावून फडकं बांधावं!"

कोंडाजी हसला नाही. हसला असता तर श्रीपतला बरे वाटले असते. तो म्हणाला, "पोरा, आमच्या नदीत होडी हेलकावे खाती. ही पोथी भिजली तर मग आम्ही कुणाकडं बघायचं?"

बुवांनी सांगून टाकले, "कोंडाजी, मृगाच्या आदल्या दिवशी या. तोवर हा तयार झाला तर तुमचा. नाही झाला, तर मी दुसऱ्या कुणाला तरी शोधून पाठवीन. पण अर्धा वैद्य मी तुमच्या गावात पाठवणार नाही. अर्धा वैद्य पुऱ्या आजाराहून वाईट."

ज्या गावाने आपल्याला विश्वासाने पाठवले, त्याच गावात आपल्याऐवजी दुसरा कोणी जाणार, ही कल्पनाच श्रीपतला सहन होईना. लाजेने त्याचे कान लाल झाले. तीन महिने होते. मग त्याने काय करावे? तुम्ही-आम्ही करतो तेच त्याने केले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून तो पाटावर बसला आणि त्याने बारावे पारायण सुरू केले. फरक इतकाच की या वेळी आवाज दुप्पट होता.

बुवा बाहेर आले. त्यांनी वाचणाऱ्या शिष्याच्या हातातून पोथी काढून घेतली, लाल कापडात बांधली, काखेत मारली, काठी घेतली आणि डोंगर चढू लागले. डोंगरावर देवीचे मंदिर होते. पायऱ्या तीनशे बारा. बुवांना वर पोहोचायला सकाळ सरली. "मला द्या, मी धरतो," असे श्रीपत दहा वेळा म्हणाला. त्यांनी त्याच्या हाती पोथी दिली नाही. वर जाऊन त्यांनी ती सभामंडपातल्या एका कोनाड्यात ठेवली आणि गुरवाला बजावले की ही इथून हलता कामा नये.

मग ते श्रीपतकडे वळले. "आजपासून वाचायचं ते इथं. सांगायचं ते खाली. पोथी खाली न्यायची नाही, तिच्यातलं लिहून उतरवून न्यायचं नाही. पहिल्या पायरीशी साळूबाई फुलं विकते. तिच्यापाशी बसून जे वाचलं ते तिला सांगायचं. अडलास, की आधी तिथंच बसून आठवून बघायचं. तरी नाही आलं, तर चढायचं."

"आणि पुन्हा अडलो तर?"

"पुन्हा चढायचं. देवी काही कंटाळत नाही."

श्रीपतला ही शिक्षा वाटली. त्याच्या मनात आले, म्हातारपणी बुवांची बुद्धी चळली. ज्याला विसरायला होते, त्याच्या जवळ पुस्तक ठेवावे की लांब? पण गुरूंना उलट बोलण्याची सोय नव्हती.

साळूबाई पन्नाशीची, कपाळावर मोठे गोंदण, जीभ धारदार. तिला अक्षर येत नव्हते. पण मंदिरात वर्षातून एकदा येणाऱ्या माणसालाही ती विचारी, "सुनंला काय झालं, पोरगा का पोरगी? मागल्या खेपेला नवस बोलला हुता तुम्ही." श्रीपतला तिच्यापाशी बसायचे जिवावर आले होते. शास्त्र शिकलेल्या माणसाने फुलवालीला परीक्षा द्यायची!

पहिल्या दिवशी त्याने झपाट्याने वीस पाने वाचली आणि पळत खाली आला. बसला. बोलू लागला. तीन औषधे सांगून झाली आणि चौथ्याला घोडे अडले.

"बास? सकाळपासनं वर बसला हुतास की रं," साळूबाई म्हणाली. "वाटंत सांडलं का समदं?"

तो चढला. उतरला. पाच झाली. पुन्हा चढला. संध्याकाळपर्यंत तो चार वेळा वर-खाली झाला आणि त्याच्या पिंढऱ्यांत गोळे आले. बुवांनी रात्री त्याला चोळायला तेल दिले आणि हे औषध कुठल्या पानावर आहे ते विचारले नाही, एवढीच दया.

दुसऱ्या दिवशी त्याने युक्ती काढली. उतरवून न्यायचे नाही असे बुवा म्हणाले होते, पण ते कागदावर, असे त्याने स्वतःला समजावले. धूपाच्या पात्रातला कोळसा घेऊन त्याने डाव्या तळहातावर बारीक अक्षरांत सात औषधे लिहिली. चैत्रातले ऊन. दीडशे पायऱ्या उतरेपर्यंत घामाने सारे एकत्र झाले, आणि खाली आल्यावर कपाळ पुसले तर कपाळही काळे.

"चुलीत हात घातला व्हय रं?" साळूबाईने विचारले आणि इतकी हसली की तिच्या मांडीवरचा मोगऱ्याचा ढीग घसरला. श्रीपतही शेवटी हसला. कोळसा धुऊन तो परत चढला.

त्यानंतर त्याने पानांचा हव्यास सोडला. तो दोनच पाने वाचू लागला. वाचून झाले की पोथी मिटून सभामंडपात बसे आणि आपल्याला काय आठवते ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघे. उतरताना अर्ध्या वाटेवर विसाव्याचा ओटा होता. तिथे थांबून पुन्हा म्हणे. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या गुडघ्यांनी शिकवले. खाली जाऊन अडलो तर काय होते, हे गुडघ्यांना चांगले ठाऊक झाले होते.

साळूबाई मात्र एवढ्यावर सोडणारी नव्हती. तिला एक वाईट खोड होती, ती म्हणजे 'का' विचारण्याची.

"तापात नागरमोथा नि वाळा घालून पाणी उकळावं, अर्धं आटवावं आणि प्यायला द्यावं," श्रीपतने सांगितले.

"अर्धं का? बिचाऱ्याला आधीच तहान, त्यात पाणी आटवायचं?"

"पोथीत तसं आहे."

"मग पोथीत का आहे?"

ती ओळ त्याने अकरा वेळा वाचली होती आणि एकदाही हे त्याच्या मनात आले नव्हते. तो चढला. पोथीत कारण दिलेले होते, अगदी पुढच्याच ओळीत: आटवलेले पाणी पचायला हलके, तापात पोटातला अग्नी मंद असतो. श्रीपत खाली येऊन सांगू लागला, तेव्हा साळूबाईने हाताने थांबवले. "म्हंजी आमच्या तुळसाक्काला ताप आला हुता, तिला तांब्याभर गार पाणी पाजलं, नि तिनं समदं उलटून टाकलं, त्ये ह्यामुळंच?" श्रीपतने मान हलवली. त्या दिवसानंतर ते औषध तो कधी विसरला नाही. नागरमोथा म्हटले की त्याला कधी न पाहिलेली तुळसाक्का दिसे.

वैशाखात एकदा मोठे भांडण झाले. मध आणि तूप एकत्र घ्यायचे झाल्यास सारख्या भागाने घ्यावे, असे श्रीपतने सांगितले.

"चार दिसांमागं कमी-जास्त घ्यावं म्हणला हुतास."

"मी असं म्हटलंच नाही, मावशी."

"म्हणला हुतास. मी करंडीला सुतळी गुंडाळत हुते तवा. सारखं झालं की बाधतं म्हणलास."

"मी अकरा पारायणं केली आहेत!" श्रीपतचा आवाज चढला. "तुम्हाला वाचता तरी येतं का?"

बोलून गेला आणि त्याचे त्यालाच वाईट वाटले. साळूबाई फुले गुंफत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "न्हाई येत. म्हणून तर ध्यानात ठेवावं लागतं. जा, बघून ये."

भर दुपार होती. दगड तापलेले. रागाच्या भरात तो अनवाणीच चढला. पोथी सोडली. लिहिलेले होते: समभाग कदापि घेऊ नये. त्याने ती ओळ दोनदा वाचली, पोथी बांधली आणि हळूहळू उतरला. साळूबाईसमोर येऊन उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला.

"पाय भाजलं असतील," ती म्हणाली आणि कळशीतले पाणी त्याच्या पायांवर ओतले. चुकलेली गोष्ट आणि भाजलेले तळवे दोन्ही त्याच्या कायमचे लक्षात राहिले.

असे करता करता ज्येष्ठ आला. आता तो दिवसातून एकदाच चढे. जुन्यांतली काही पाने चार-आठ दिवसांनी पुन्हा साळूबाईसमोर येत, तीच म्हणे, "ते विंचवाचं बऱ्याच दिसांत झालं न्हाई." काही येई, काही अर्धवट येई. आले नाही की तो आधी डोळे मिटून बसून राही. पूर्वी असे झाले की तो घाबरत असे. आता घाबरेनासा झाला, कारण बऱ्याच वेळा थोडे अडून राहिले की येत असे. पण पोथी संपूर्ण झाली का? नाही. एकशे चाळीसपैकी नव्वद पाने झाली असतील. अकरा वेळा संपलेली पोथी या वेळी एकदाही संपली नव्हती, आणि मृग तर उद्यावर आला.

ठरल्याप्रमाणे कोंडाजी हजर झाला. आभाळ भरून आले होते. बुवा पोथी आणायला सकाळीच वर गेले होते. खाली आल्यावर कोंडाजीसमोर मनाला येईल ते पान उघडून विचारणार होते. श्रीपत पहिल्या पायरीशी बसून होता. उरलेल्या पन्नास पानांतलेच काही निघाले तर? कोंडाजी एकटाच होडी घेऊन परत जाताना त्याला डोळ्यांसमोर दिसत होता.

इतक्यात खालच्या आळीतली एक बाई चार वर्षांची मुलगी काखेत घेऊन धावत आली. "बुवा कुठायत? बुवा!" मुलीवर रडून रडून निळी पडायची वेळ आली होती. खेळता खेळता तिने नाकात हरभरा घातला होता. आईने आकड्याने काढायला पाहिला, तो आणखी वर सरकला. नाकातून थोडे रक्त येत होते.

"बुवा वर गेलेत," साळूबाई म्हणाली.

"मग आता? पाणी वतून बघू का नाकात? धुऊन तरी निघंल." बाईच्या दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता.

श्रीपत ताडकन उठला आणि सवयीने त्याचा पाय पहिल्या पायरीवर पडला. मग तो थांबला. वर जायला आणि यायला अर्धा-पाऊण तास. कोंडाजी त्याच्याकडे बघत होता. साळूबाई बघत होती. हे पान त्याने साळूबाईला महिन्यापूर्वी एकदाच सांगितले होते. त्याने डोळे मिटले. काहीच आले नाही. तांब्यातले पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजासरशी त्याच्या मनात प्रश्न उठला, पाणी घातले तर काय होईल? हरभरा भिजेल. भिजला की फुगेल. फुगला की—

"पाणी नको!" तो ओरडला. "थेंबही नको. काडी नको, आकडा नको." एक धागा हाती लागला आणि बाकीचे त्यामागोमाग येऊ लागले. "तिला बसवा. मान थोडी पुढे. दाणा आतून बाहेर यायला पाहिजे, बाहेरून ओढून नाही. शिंक आणायची. शिंक आली की मोकळी नाकपुडी दाबून धरायची, म्हणजे सगळा जोर दाण्यावर येतो. पोथीत नाकशिंकणीच्या पाल्याची पूड सांगितली आहे..." तो अडखळला. नाकशिंकणी कुठे होती इथे? पण शिंक कशासाठी ते आता त्याला ठाऊक होते. "कोंडाजीकाका, तुम्ही तपकीर ओढता ना? डबी काढा!"

कोंडाजीने कमरेची डबी काढली. श्रीपतने नखावर मावेल त्याहूनही कमी तपकीर घेतली आणि मुलीच्या मोकळ्या नाकपुडीजवळ नेली. मुलीने रडताना श्वास ओढला. तिचे डोळे मिटले, तोंड वाकडे झाले. श्रीपतने मोकळी नाकपुडी दाबली, आईने तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि अशी सणसणीत शिंक आली की हरभरा उडून थेट कोंडाजीच्या छातीवर आपटला.

मग मुलीने श्वास घेतला, दोन्ही नाकपुड्यांनी, आणि भोकाड पसरले. पण हे रडणे वेगळे होते. आई तिला छातीशी धरून रडू लागली, साळूबाई हसू लागली, आणि तपकिरीचा अंश हवेत उडाल्यामुळे कोंडाजी एकामागून एक सहा वेळा शिंकला.

बुवा काठी टेकत खाली पोहोचले तेव्हा हा सगळा गोंधळ चालू होता. चौघांनी एकाच वेळी त्यांना हकीकत सांगितली. बुवांनी मुलीचे नाक पाहिले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि श्रीपतला विचारले, "कितव्या पानावर आहे हे?"

श्रीपतने आठवून पाहिले. "ते मात्र आठवत नाही, बुवा."

बुवा मोठ्याने हसले. चारही दात दिसले. काखेतली पोथी सोडण्याची त्यांना गरज वाटली नाही. ते पायरीवर बसले.

"बुवा," श्रीपतने विचारले, "एवढ्या लांब पोथी का ठेवलीत?"

"बाळ, अकरा वेळा वाचताना तुला प्रत्येक ओळ ओळखीची वाटायची. त्या ओळखीलाच तू आठवण समजलास. बाजारात शंभर चेहरे ओळखीचे दिसतात. नाव घेऊन हाक मारायला सांगितली तर दहा जणांनासुद्धा मारता येत नाही. पोथी मांडीवर होती तोवर तुझं मन हाक मारायचे कष्टच घेत नव्हतं. का घेईल? समोर सगळं मांडलेलं. ती लांब गेली, तेव्हा ते स्वतःच्या घरात शोधू लागलं. जे सापडलं ते प्रत्येक शोधाबरोबर पक्कं झालं. जे सापडलं नाही, त्याची रिकामी जागा तरी कळली. आणि त्या रिकाम्या जागेसाठी जो चढून जाऊन वाचतो, त्याचं वाचलेलं तिथं जाऊन बसतं. राहिली साळूबाई. पोथी सगळं सांगते, पण 'का' कधी विचारत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतं."

"मग हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तेही तू वाचल्यासारखं ऐकलं असतंस." बुवा थांबले आणि थोडे ओशाळून म्हणाले, "आणि दोन वर्षं गप्प बसलो ही चूक माझीच. शिरा फार चांगला करतोस रे तू."

कोंडाजी पुढे झाला. "मग बुवा, पोरगं नेऊ का?"

"न्या. पोथीही न्या. याची पन्नास पानं राहिली आहेत आणि झालेल्यांतलीही काही हा विसरणार आहे. विसरू दे. विसरणाऱ्यालाच तर पुन्हा आठवायला मिळतं."

"पण बुवा, डोहखेडला डोंगर नाही," श्रीपत काळजीने म्हणाला.

"ते तू बघ. मी आता चढून दमलो."

श्रीपतने साळूबाईला वाकून नमस्कार केला. तिने त्याच्या हातावर मोगऱ्याची वेणी ठेवली आणि दुसरीकडे तोंड फिरवले. तिला रडू आले होते आणि ते कोणाला दिसायला नको होते. पाऊस सुरू होण्याआधी होडी सुटली.

त्या वर्षी नदी चार महिने उतरली नाही. इकडे बुवांना काही कळायला मार्ग नव्हता. दसऱ्याला होडी पुन्हा सुरू झाली आणि पहिल्या खेपेला कोंडाजी आपट्याची पाने घेऊन आला. बुवा ओसरीवर बसले होते. त्यांना विचारायची भीती वाटत होती.

"तापाची साथ आली हुती, बुवा," कोंडाजी म्हणाला. "एकोणीस माणसं अंथरुणाला खिळली."

बुवांचा काठीवरचा हात घट्ट झाला.

"एकोणीसच्या एकोणीस उठली."

बुवांनी हळूच श्वास सोडला. "आणि पोथी?"

"ती माझ्या घरात हाय. गावाच्या पार टोकाला, घाटावर. पोरानंच ठेवली. रोज सांजच्याला येतं, माझ्या बायकोम्होरं बसतं नि एकेक सांगतं. अडलं की ती पोथी देत न्हाई. आधी आठव म्हणती, मग घे." कोंडाजीने कपाळाला हात लावला. "आता ती पोरापेक्षा जास्त 'का' विचारती, बुवा. आळीतल्या बायका तिच्याकडंच औषध विचारायला येत्यात. घरात माझं ऐकायला कुणी ऱ्हायलं न्हाई."

बुवांनी आपट्याची पाने दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ ते डोंगराकडे बघत राहिले. त्यांच्या गुरूंची पोथी आता दूरच्या एका घाटावर होती, आणि तिच्यातले औषध अक्षर न येणाऱ्या एका बाईच्या तोंडी बसले होते. त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा वाचकहो, हा कागद आता घडी करून दुसऱ्या खोलीत ठेवा, घरात जे कोणी समोर असेल त्याला ही गोष्ट तोंडाने सांगा, आणि मध्येच अडलात तर लगेच उठू नका.